निवृत्तांचे गाव : मॅक्लुस्कीगंज



यंदा स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मी काही इतिहासाचा अभ्यासक नव्हे. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला पी-वेचा माणूस. रूळ, स्लीपर, खडी आणि ट्रॅकमन यांच्या संगतीत वीसेक वर्षे गेली. पण पुश ट्रॉलीवरून सेक्शन तपासताना स्टेशनांच्या पिवळ्या पाट्या रोज डोळ्यांसमोरून जातात आणि एखादे नाव डोक्यात घर करून बसते. आपल्या धनबाद डिव्हिजनच्या सी.आय.सी. सेक्शनवर असे एक नाव आहे. राय, खलारी, महुआमिलन, टोरी अशा इथल्या मातीतल्या नावांच्या रांगेत मध्येच एका साहेबाचे नाव येते, ते म्हणजे मॅक्लुस्कीगंज.

हे नाव कुठून आले, याची चौकशी करता करता जो इतिहास हाती लागला, तो आज आपल्यासमोर मांडतो. कारण तो आपल्याच खात्यातल्या माणसांचा इतिहास आहे. आयुष्यभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिलेली, मूळ गावाशी धागा तुटलेली आणि रिटायर झाल्यावर जायचे कुठे, या प्रश्नाने हैराण झालेली ती माणसे होती. आपल्या उत्सवात आरती झाल्यावर खुर्च्या जवळ ओढून ज्या गप्पा होतात, त्यांत हाच प्रश्न हल्ली फिरून फिरून येतो. म्हणून हा विषय.

रेल्वे आणि अँग्लो-इंडियन

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, हे आपल्यातल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्या गाडीमागोमाग देशभर रुळांचे जाळे पसरले आणि ते चालवायला माणसे हवी झाली. विलायतेहून आणलेला ड्रायव्हर महाग पडे. १८५७ नंतर तर इंग्रजांना रेल्वे आणि तारखाते अशा मोक्याच्या जागी भरवशाची माणसे हवी होती. ती त्यांना अँग्लो-इंडियन समाजात मिळाली. वडिलांकडून युरोपियन वंशाचा, इंग्रजी मातृभाषा असलेला, पण जन्माने आणि वस्तीने याच देशातला असा हा समाज. ड्रायव्हर, गार्ड, स्टेशन मास्तर, पी.डब्ल्यू.आय., लोको फोरमन या जागांवर कित्येक पिढ्या ही माणसे होती.

आपल्यापैकी जे भुसावळ, इगतपुरी, दौंड किंवा कल्याणचे आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको. माझे बालपण भुसावळात गेले. कौलारू बंगल्यांच्या रांगा, ओसरीवरच्या वेताच्या खुर्च्या, नाताळात इन्स्टिट्यूटमधून ऐकू येणारा पियानो, अशा आठवणी तिथले जुने लोक अजून सांगतात. इन्स्टिट्यूटही तेव्हा दोन असत. एक युरोपियन व अँग्लो-इंडियन मंडळींसाठी आणि दुसरी 'इंडियन' मंडळींसाठी. तेव्हाची ही दरी लपवण्यात अर्थ नाही. पगारात, क्वार्टरमध्ये आणि बढतीत त्यांना झुकते माप होते. त्याचा राग आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला होता आणि तो रास्त होता.

पण झुकते माप देणारा साहेबही त्यांना आपला मानत नव्हता. इंग्रजाच्या क्लबात त्यांना जागा नव्हती आणि गावात पाटा-वरवंटा नव्हता. आपल्याकडे कितीही वर्षे परमुलखात नोकरी केली तरी सातबाऱ्यावर कुठेतरी अर्धा एकर असतो, कुलदैवत असते, निदान भावकीचे भांडण तरी असते. या मंडळींकडे तेही नव्हते. रेल्वे कॉलनी हेच गाव. आणि त्या गावाचा नियम असा, की नोकरी संपली की घर रिकामे करायचे.

१९१९ च्या सुधारणांनंतर नोकऱ्यांचे भारतीयीकरण सुरू झाले. जगात मंदी आली आणि १९३१ च्या सुमारास रेल्वेत नोकरकपात झाली. सायमन कमिशनचा अहवाल १९३० मध्ये आला. त्यातूनही या समाजाला कायमचा आधार मिळेल असे चिन्ह दिसेना. इंग्रज उद्या गेला तर आपले काय, हा प्रश्न प्रथमच उघड विचारला जाऊ लागला.

मॅक्लुस्कीसाहेबांचा बेत

अर्नेस्ट टिमोथी मॅक्लुस्की हे कलकत्त्यातले जमीनजुमल्याचे व्यावसायिक आणि बंगालच्या विधिमंडळाचे सदस्य. वडील आयरिश व रेल्वेच्या नोकरीत, तर आई बनारसची, असे सांगितले जाते. शिकारीच्या निमित्ताने ते छोटा नागपूरच्या या भागात येत. सालाचे जंगल, मोहाची झाडे, समुद्रसपाटीपासूनची उंची असल्यामुळे मानवणारी हवा, आणि विशेष म्हणजे जवळून गेलेली नवी रेल्वे लाइन. सेंट्रल इंडिया कोलफील्ड्स रेल्वेची गोमो ते बरकाकाना लाइन १९२७ मध्ये सुरू झाली आणि १९२९ मध्ये ती डाल्टनगंजपर्यंत पोचली. आपण आज 'सी.आय.सी. सेक्शन' म्हणतो, ते नाव त्या रेल्वेवरूनच आले. लाइन नसती तर हे गाव वसलेच नसते, एवढे श्रेय आपल्या खात्याने घ्यायला हरकत नाही.

१९३३ मध्ये मॅक्लुस्कीसाहेबांनी 'कॉलनायझेशन सोसायटी ऑफ इंडिया' नावाची संस्था स्थापन केली. रातूच्या महाराजांकडून लपरा, कोंका, हेसालोंग वगैरे गावांच्या शिवारातली सुमारे १०,००० एकर जमीन कायमच्या पट्ट्याने मिळवली. यात एक अट महत्त्वाची होती. रयत आधीपासून जी जमीन कसत होती, तिला हात लावायचा नाही. १९०८ चा छोटा नागपूर कूळकायदा या मुलखात लागू होता आणि तो बिरसा मुंडांच्या उलगुलानानंतर आलेला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या अटीचे वजन कळते.

देशभरातल्या अँग्लो-इंडियन कुटुंबांना पत्रके गेली. आपला स्वतःचा 'मुलूख' वसवू या, असे आवाहन होते. सोसायटीचे शेअर घ्यायचे, त्यावर प्लॉट मिळवायचा, बंगला बांधायचा, फळबाग आणि कोंबड्या-डुकरे पाळायची, भाजीपाला पिकवायचा, आणि आपल्या माणसांत राहायचे. कल्पना नवी नव्हती. १८८२ मध्ये म्हैसूरच्या महाराजांनी बंगळूरजवळ या समाजाला ३,९०० एकर जमीन दिली होती आणि डी. एस. व्हाइट यांच्या नावाने तिथे व्हाइटफील्ड वसले होते. आज आपल्या मुलांना व्हाइटफील्ड म्हटले की सॉफ्टवेअर कंपन्या आठवतात. त्याची सुरुवातही अशा वसाहतीतून झाली.

मॅक्लुस्कीगंजला तीनशे-चारशे कुटुंबे आली. आली ती बहुतेक निवृत्तीला आलेली किंवा निवृत्त झालेली. रेल्वे, पोस्ट व तार, कस्टम्स, फौज यांत नोकऱ्या केलेली. इथे एक तांत्रिक बाब सांगतो, कारण तिच्यावाचून गोष्ट नीट कळत नाही. रेल्वेत तेव्हा आपल्याला परिचित असलेली मासिक पेन्शन नव्हती. ती १९५७ मध्ये आली. त्याआधी निवृत्तीच्या वेळी प्रॉव्हिडंट फंडाची रक्कम आणि सेवेबद्दलची ग्रॅच्युइटी एकदम हातात पडे आणि तेवढ्यावर उरलेले आयुष्य काढायचे. म्हणजे माणूस पंचावन्नच्या आसपास पोचला, की एका हातात एकरकमी पैसा आणि दुसऱ्या हातात क्वार्टर सोडण्याचा कागद. अशा माणसाला प्लॉट, बंगला आणि शेजारी आपली माणसे, हे ऐकून काय वाटले असेल, याची कल्पना तुम्हा-आम्हाला सहज करता येईल.

मॅक्लुस्कीसाहेब १९३५ मध्ये वारले. गाव भरभराटीला येण्याच्या आतच. वस्तीने त्यांचे नाव जपले, आणि रेल्वेने ते स्टेशनच्या पाटीवर चढवले. नव्वद वर्षे होऊन गेली. मधल्या काळात इंग्रज गेले, बिहारमधून २००० साली झारखंड वेगळे झाले, कितीतरी गावांची, शहरांची नावे बदलली. ही पाटी तशीच आहे.

वस्तीतले दिवस

लांबलचक ओसऱ्या, उतरती कौले, धुराडी असलेले बंगले, भोवती आंबा, पेरू, लिचीच्या बागा. गावात क्लब होता, दुकाने होती, चर्च होते. सोसायटीचे 'कॉलनायझेशन ऑब्झर्व्हर' नावाचे मासिक निघे. कोण आले, कोणाचा बंगला पुरा झाला, लागवड कशी करावी, अशा गोष्टी कळवायला आणि देशभर पसरलेल्या समाजबांधवांना बोलवायला ते मासिक होते. आपण ही स्मरणिका काढतो ती तरी दुसऱ्या कशासाठी? जाहिराती गोळा करताना आपले चिटणीस दरवर्षी कंटाळतात, पण परमुलखात असा एक कागद निघत राहिला की आपण एकटे नाही असे वाटते.

एक गोष्ट मला विशेष वाटते. ही माणसे निरनिराळ्या रेल्वे कंपन्यांमधून आली होती. कोणी ईस्ट इंडियन रेल्वेचा, कोणी बंगाल-नागपूरचा. नोकरीत ड्रायव्हर आणि फोरमन यांच्या क्वार्टरांत फरक असतो, इन्स्टिट्यूटमधल्या खुर्चीतही असतो, हे आपण रोज पाहतो. निवृत्तीनंतर एका वस्तीत राहायचे म्हणजे हे हुद्दे खुंटीला टांगावे लागतात. शेजारी तापाने फणफणला असता त्याची ग्रेड विचारत बसून चालत नाही. रांची साठ किलोमीटर, वाटेत जंगल, आणि हाताशी शेजाऱ्याशिवाय कोणी नाही. अशा ठिकाणी समूहजीवन ही हौस राहत नाही, ती गरज होते.

आणखी एक वर्ग या गोष्टीत आहे, ज्याचा उल्लेख कौतुकाच्या लेखांत बहुधा एका ओळीत उरकतात. आजूबाजूच्या गावांतले उरांव, मुंडा आणि इतर स्थानिक लोक. बंगल्यांच्या विटा यांनी वाहिल्या, विहिरी यांनी खणल्या, बागेत राबले ते हेच, आणि स्वयंपाकघरात होत्या त्या यांच्याच बायका. शहरात वाढलेल्या निवृत्त गार्डाला भात केव्हा लावायचा हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ते या लोकांनी सांगितले. जमीन देणाऱ्या महाराजांचे आणि बेत आखणाऱ्या साहेबांचे नाव इतिहासात राहिले. ज्यांच्या हातांवर वस्ती उभी राहिली, त्यांची नावे कोणत्याही पाटीवर नाहीत.

ओहोटी

हा मुलूख दहा-बारा वर्षांतच विरळ होऊ लागला. कारणे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

पहिले कारण शेती. निवृत्तीच्या वयात शेती शिकून तिच्यावर संसार चालवणे अवघड. जमीन माळाची, पाऊस चार महिने, बाजारपेठ दूर. आंबा-पेरू भरपूर येई, पण विकायचा कोणाला? फंडातून आणलेले पैसे बंगल्यात गुंतले आणि वरखर्चाला हात आखडू लागला.

दुसरे कारण तरुणांना काम नव्हते. वसाहतीच्या योजनेत घर होते, बाग होती, क्लब होता, पण वीस वर्षांच्या मुलाने सकाळी उठून कुठे जायचे याची सोय नव्हती. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि मुले फौजेत, तारखात्यात, रेल्वेत निघून गेली. युद्ध संपल्यावर फारच थोडी परतली. बाहेर पडलेल्या मुलाला इथे परत बोलवायचे तर कशावर, याचे उत्तर वस्तीजवळ नव्हते.

तिसरे कारण १९४७. स्वातंत्र्यानंतर अनेक कुटुंबे इंग्लंडला, पुढे ऑस्ट्रेलियाला, कॅनडाला गेली. वास्तविक आपल्या घटनाकारांनी या समाजाचा विचार उदारपणे केला होता. रेल्वे, कस्टम्स, पोस्ट व तार या खात्यांतली त्यांची राखीव भरती एकदम बंद न करता दर दोन वर्षांनी दहा टक्क्यांनी कमी करत दहा वर्षांत संपवावी, अशी तरतूद घटनेच्या कलम ३३६ मध्ये आहे. लोकसभेत दोन सदस्य आणि विधानसभांतही सदस्य नेमण्याची सोय होती. ती जानेवारी २०२० मध्ये १०४ व्या घटनादुरुस्तीने संपली. तोपर्यंत झारखंड विधानसभेतही एक जागा या समाजासाठी होती. पण कायद्याने नोकरी मिळते, मनातली धास्ती जात नाही. माणसे गेली. बंगले विकले गेले, काही पडून राहिले. कलकत्त्याच्या काही लेखक-कलावंतांनी हौसेने घरे घेतली. तीनशेहून अधिक कुटुंबांच्या जागी वीस-पंचवीस उरली. वर्तमानपत्रांतून 'भुताचे गाव' अशा मथळ्याचे लेख येऊ लागले.

इथे मला आपल्याच इतिहासातले एक गाव आठवते. कानपूरजवळचे बिठूर, म्हणजे ब्रह्मावर्त. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावांनी माल्कमसाहेबांच्या स्वाधीन होऊन सालिना आठ लाखांची पेन्शन घेतली आणि गंगाकाठी वास्तव्य केले. त्यांच्यामागोमाग पुण्याहून हजारो माणसे गेली. भिक्षुक, कारकून, शिलेदार, त्यांची बायकामुले. निवृत्तांची ती एक मराठी वसाहतच होती, आणि पूजाअर्चा, सणवार, पंगती सर्व यथासांग चाले. पण सगळा डोलारा एका माणसाच्या पेन्शनीवर उभा होता. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारले, डलहौसीने नानासाहेबांना पेन्शन नाकारली, आणि पुढचा १८५७ चा इतिहास आपण जाणतोच. बिठूर आणि मॅक्लुस्कीगंज यांची बरोबरी करण्याचा माझा हेतू नाही. पण इंजिनीयरच्या नजरेला दोन्हीकडे एकच दोष दिसतो. सगळा भार एका खांबावर टाकला होता. बिठूरला तो खांब पेन्शनीचा होता, इथे फंडाच्या पैशाचा. पुढच्या पिढीचा हातभार लागेल, अशी रचना दोन्हीकडे नव्हती.

शाळा आली

मॅक्लुस्कीगंजचे नशीब बिठूरपेक्षा बरे. १९९७ मध्ये तिथे डॉन बॉस्को अकॅडमी सुरू झाली. बिहार विधानसभेचे तेव्हाचे नामनियुक्त अँग्लो-इंडियन सदस्य आल्फ्रेड डी रोझारियो यांनी यात पुढाकार घेतला. शाळा इंग्रजी माध्यमाची. आसपासच्या कोळसाखाणींच्या वसाहतींतून, रांची, लातेहार, चतरा अशा भागांतून मुले येऊ लागली. मुलांना राहायला जागा हवी होती, आणि गावात जागाच जागा होती! मोठमोठे बंगले, एकेका बंगल्यात एखाद-दुसरे वयस्क माणूस. उरलेल्या कुटुंबांनी आपापल्या घरात मुलांची वसतिगृहे सुरू केली. इथे कॉटा आणल्या, तिथे ओसरीवर जेवणाची टेबले मांडली. ज्या घरात संध्याकाळी कंदील लावायलाही कोणी नव्हते, तिथे पाढ्यांचा आवाज येऊ लागला.

कामानिमित्त मुक्काम पडला असता अशा एका बंगल्यात मी चहाला गेलो आहे. घराच्या मालकीण म्हणजे आंटी, वय बरेच झालेले. हिंदी अस्सल झारखंडी, मध्येच इंग्रजी. माझ्याशी बोलता बोलता त्यांचे लक्ष दाराकडे. पोरे शाळेतून यायची वेळ झाली होती. आली तशी एकेकाची विचारपूस, एकाला मोजे धुतले नाहीत म्हणून दटावणी, दुसऱ्याच्या खोकल्यावर काढा. ती आठ-दहा वर्षांची पोरे, बहुतेक खाणकामगारांची, काही आदिवासी घरांतली. मी म्हटले, या वयात तुम्ही एवढ्या मुलांना सांभाळता, त्यांच्या आईवडिलांवर मोठे उपकारच आहेत. आंटींना ते पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की हिशेब उलटा आहे. मुले आली म्हणून छप्पर दुरुस्त झाले, मुले आली म्हणून सकाळी उठायला कारण राहिले. आभार मानायचे तर त्यांनी मुलांचे मानायचे.

एका पिढीपूर्वी ज्यांच्या आज्या या बंगल्यांतून भांडी घासत होत्या, त्याच परिसरातली मुले आता त्या बंगल्यांत शिकायला राहतात आणि बंगल्यांचा खर्च त्यातून निघतो. फार गोडवे गायची गरज नाही. फी भरूनच मुले येतात, हा व्यवहार आहे, आणि आता शाळा-वसतिगृहांतही पूर्वीइतकी गर्दी राहिलेली नाही असे तिथले लोक म्हणतात. पर्यटक येतात, जुन्या बंगल्यांचे फोटो काढतात. २०१६ मध्ये कोंकणा सेन शर्मा यांनी 'अ डेथ इन द गंज' हा चित्रपट इथेच चित्रित केला, त्यामुळे नाव आणखी पसरले. पण फोटो काढायला येणाऱ्यांनी गाव टिकत नाही. शाळेने ते पंचवीस-तीस वर्षे टिकवले, एवढे मात्र खरे.

ग्रॅच्युइटी या शब्दाबद्दल थोडेसे

आपल्या सेटलमेंटच्या कागदांत ग्रॅच्युइटी हा शब्द असतो. राजभाषा विभागाच्या पत्रकात त्याला 'उपदान' म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा संबंध कृतज्ञतेशी आहे. म्हणजे चांगल्या आणि निष्ठेच्या सेवेबद्दल मालकाने नोकराला दिलेली कृतज्ञतेची भेट. आपण मात्र तिची टक्केवारी आणि कमाल मर्यादा तेवढी पाहतो, त्यात गैर काही नाही. मला वाटते, मॅक्लुस्कीगंजच्या पहिल्या पिढीची कृतज्ञता मॅक्लुस्कीसाहेबांपुरती होती. त्यांनी नाव दिले, नाव जपले. शेवटी उरलेल्या कुटुंबांनी मात्र आपले घर दुसऱ्यांच्या मुलांना उघडून दिले. उपकार करणारा माणूस ९० वर्षांपूर्वीच गेला, त्याची परतफेड त्याला करता येत नाही. ती ज्यांना आज गरज आहे त्यांना करता येते, आणि गाव त्यावर चालले.

आता आपल्याविषयी. माझ्यासारखे जे १ जानेवारी २००४ नंतर सेवेत लागले, त्यांना जुनी पेन्शन नाही. एन.पी.एस.मध्ये जमलेल्या रकमेचा काही भाग एकदम हातात आणि उरलेल्यातून वार्षिकी. १ एप्रिल २०२५ पासून युनिफाइड पेन्शन स्कीमचा पर्याय खुला झाला, आणि कोणता पर्याय बरा यावर ऑफिसात रोज वाद झाले. म्हणजे हातात एकरकमी पैसा आणि समोर क्वार्टर सोडण्याचा कागद, ही १९३३ सालची जोडी आपल्याला अगदीच परकी नाही. गावाकडे घर आहे, पण तिथे आता भावाची मुले राहतात. पुण्यात फ्लॅट घ्यायचा तर फंड तेवढ्यातच संपतो. मुले बंगळूरला किंवा त्याही पलीकडे. आणि इथे, जिथे पंचवीस-तीस वर्षे काढली, जिथला भाजीवाला नावाने ओळखतो, जिथल्या डॉक्टरला आपली साखर ठाऊक आहे, ते गाव आपले म्हणायचे की नाही, याचा निर्णय होत नाही.

आपल्या मंडळातले काही ज्येष्ठ निवृत्तीनंतर इथेच राहिले. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी दरवर्षी मूर्ती आणायला येतात, मखर लावताना खुर्चीवर बसून चुका काढतात, अथर्वशीर्षाच्या आवर्तनांना पहिल्या रांगेत असतात. दहा दिवस त्यांचे फार छान जातात. उरलेल्या तीनशे पंचावन्न दिवसांचा विचार आपण केलेला नाही. मॅक्लुस्कीगंजचा इतिहास वाचून मला तीन सूचना कराव्याशा वाटतात. समितीने त्यांचा विचार करावा.

एक, इथे राहणाऱ्या सर्व निवृत्त मराठी कुटुंबांची यादी करावी, आणि प्रत्येक कुटुंबामागे कॉलनीतले एक तरुण घर नेमावे. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचे झाले तर कोणाला फोन करायचा, हे आधी ठरलेले असावे. रेल्वेत प्रत्येक किलोमीटरचा कीमन ठरलेला असतो, मग माणसांचा का नसावा?

दोन, ज्येष्ठांकडे काम द्यावे. त्यांच्यात गणिताचे पक्के जाणकार आहेत, उत्तम सुतारकाम येणारे आहेत, मोडी वाचणारे एक गृहस्थ आहेत. कॉलनीतल्या ट्रॅकमन आणि सफाई कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळी दोन तास अभ्यासवर्ग चालवता येईल. मुले मराठीच असावीत असा आग्रह नको. ज्यांच्या मुलखात आपण राहतो, त्यांचे देणे आपल्यावर आहेच.

तीन, ज्या स्थानिक माणसांच्या आधारावर आपला हा उत्सव चालतो, तो मांडववाला, ढाक वाजवणारे, विसर्जनाच्या वेळी तलावात उतरणारी मुले, स्वयंपाकाला येणाऱ्या ताई, त्यांची नावे स्मरणिकेच्या आभाराच्या पानावर छापावीत. देणगीदारांच्या नावांसारखी, त्याच आकाराच्या अक्षरांत. आजवर आपण 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार' असे छापत आलो. ही माणसे अज्ञात नाहीत, पंधरा-पंधरा वर्षे येत आहेत.

लेख लांबला. ज्यांना सवड असेल त्यांनी थंडीच्या दिवसांत एकदा मॅक्लुस्कीगंजला अवश्य जाऊन यावे. हावडा-जबलपूर शक्तिपुंज एक्सप्रेस त्याच लाइनने जाते. उतरल्यावर प्लॅटफॉर्मवरची पाटी वाचा, बंगले पाहा, आणि संध्याकाळी शाळा सुटताना रस्त्यावर थोडा वेळ उभे राहा.

आपणा सर्वांना उत्सवाच्या हार्दिक शुभेच्छा. गणपती बाप्पा मोरया!